रिसीव्हर ‘खट्’ करून बंद पडतोय, जुन्या होम थिएटरचे स्पीकर जोडलेत – मार्गदर्शन हवंय

गच्चीवरचा_रेडिओ

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत राहतो. हॉल ११ बाय १६ फुटांचा. ऑफिसातला एक सहकारी बदली होऊन बंगळूरला गेला, जाताना त्याचा ५.१ चा एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरला पुरवणारा अँप्लिफायरचा डबा) मी विकत घेतला. त्याच्याकडे तो पाच वर्षं बिनतक्रार चालला होता, मी स्वतः त्याच्या घरी ऐकलाय. माझ्याकडे २००९ साली घेतलेलं डीव्हीडीवालं होम थिएटर होतं. त्यातली डिस्क फिरायची बंद झाली, पण पाच छोटे स्पीकर आणि सबवूफरची, म्हणजे खालच्या जड आवाजाची, पेटी धडधाकट आहे. म्हटलं, डबा बदलू, स्पीकर तेच ठेवू. वायरींच्या टोकाला रंगीत प्लग होते ते कापले, वायरी सोलल्या आणि रिसीव्हरला जोडल्या.

बातम्या, मालिका, गाणी, सगळं व्यवस्थित चालायचं. पण सिनेमा लावून आवाज जरा वाढवला की वीस-पंचवीस मिनिटांत ‘खट्’, सगळं गप्प, डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मग दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचं युनिट पुढे ओढलं, वायरी काढून परत लावल्या. तेव्हापासून चालू केल्या केल्या तीन सेकंदांत ‘खट्’. आवाज शून्यावर असला तरी. सबवूफर तर पहिल्या दिवसापासून मुका आहे.

एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, बोर्ड गेलं, साडेसहा हजार होतील.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी आहे. वय ७८, ऐकू कमी येतं. टीव्हीच्या आवाजात त्यांना गाणं ऐकू येतं, पण बोलणं कळत नाही. मधला स्पीकर वेगळा असला की संवाद स्पष्ट होतात असं ऐकलं, म्हणून हे घेतलं. बोर्ड खरंच गेलं असेल का?

मेघना_ना

दिवाळीनंतर बिघडलाय तर आधी वायरी बघा. आमच्याकडेही युनिट हलवल्यावर असंच झालं होतं. आणि तो रिसीव्हर बंद कपाटात आहे का?

गच्चीवरचा_रेडिओ

हो, युनिटच्या खालच्या कप्प्यात. वर सेट टॉप बॉक्स ठेवलाय.

एडिसनचा_पाहुणा

दादा, सगळ्यात आधी मागची पाटी वाचा. २३० व्होल्ट लिहिलंय की १२०? सेकंडहँड रिसीव्हर कुणीतरी अमेरिकेतून आणलेला असू शकतो. मी सांगलीला चुलतभावासाठी एक नेला होता. त्याला बजावून सांगितलं होतं, तरी घरातल्या कुणीतरी थेट भिंतीत लावला. फ्यूज उडाला आणि आतला ट्रान्सफॉर्मरही गेला. स्टेप-डाउन (२३० चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून वापरायचा असेल तरी तो दणकट हवा. शिवाय इथली, अमेरिकेतली, यंत्रं ६० हर्ट्झसाठी बनवलेली असतात, भारतात ५० वर त्यांचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो.

गच्चीवरचा_रेडिओ

पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. स्पीकर टर्मिनलच्या वर ‘६ ते १६ ओहम’ असंही छापलंय.

जुना_ट्रान्झिस्टर

नाशिकला तीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं, आता निवृत्त आहे. ‘बोर्ड गेलं’ हे न उघडता कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा ते साडेसहा हजार अजून खिशातच राहू द्या.

प्रोटेक्ट म्हणजे रिसीव्हर स्वतःला आणि स्पीकरला वाचवतोय. तो ‘खट्’ आवाज आतल्या रिलेचा, म्हणजे स्पीकर तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा आहे. तीन कारणांनी तो सुटतो. आउटपुटला शॉर्ट असेल किंवा करंट जास्त ओढला जात असेल. तापमान चढलं असेल. किंवा आतला ट्रान्झिस्टर जाऊन आउटपुटवर डीसी व्होल्टेज येत असेल. यातलं तिसरं तेवढं बोर्डाचं दुखणं. पहिली दोन बाहेरची असतात, आणि माझ्या बाकावर आलेल्या प्रोटेक्टच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त बाहेरच्याच निघायच्या.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे दोष दिसतात. वीस मिनिटांनी बंद पडणं हा जुना, आणि तीन सेकंदांत बंद पडणं हा दिवाळीनंतरचा. दोन्ही एकत्र शोधायला गेलात तर गोंधळ होईल. आधी नवा पकडू.

रिसीव्हर बंद करा, प्लग भिंतीतून काढा. मागच्या सगळ्या स्पीकर वायरी काढा, एकही ठेवू नका. एचडीएमआयसुद्धा काढा. मग नुसता रिसीव्हर चालू करून अर्धा तास ठेवा. टिकला तर तो निर्दोष धरा. मग बंद करून एक स्पीकर लावा, चालू करा. पुन्हा बंद, दुसरा लावा. चालू असताना वायरीला हात लावायचा नाही. ज्या स्पीकरला खट् होईल तिथे दोष आहे.

नुसता असतानाही खट् झाला तर मात्र झाकण उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

देवरुखकर

काका म्हणतात तसंच करा. कोकणात आमच्याकडे पावसाळ्यानंतर सोललेली तार हिरवी पडते आणि मुंग्या टर्मिनलच्या भोकांत घर करतात. ब्रशने साफ करून घ्या.

गच्चीवरचा_रेडिओ

काका, सापडला!

काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. सगळ्या वायरी काढून रिसीव्हर चालू केला, पाऊण तास शांतपणे चालला. आधी मधला स्पीकर लावला, ठीक. मागचे दोन ठीक. समोरचा उजवा ठीक. समोरचा डावा लावला आणि तिसऱ्या सेकंदाला खट्.

मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून मागे वाकलो. लाल टर्मिनलमध्ये घातलेल्या तारेचा एकच केस, अगदी डोक्याच्या केसाइतका बारीक, बाहेर राहून शेजारच्या काळ्या टर्मिनलच्या धातूला टेकलेला होता. समोरून पाहिलं असतं तर दिसला नसता, बाजूने उजेड टाकला तेव्हा चमकला. तारेची टोकंही काळवंडली होती. सगळ्या वायरींची टोकं कापून नव्याने सोलली, जेमतेम एक सेंटिमीटर, घट्ट पीळ देऊन आत सरकवली.

आता लगेच बंद पडत नाही. पण आज दुपारी सिनेमा लावला तर सव्वीस मिनिटांनी पुन्हा खट्. वरून हात लावला तर झाकण चटका बसेल इतकं गरम होतं.

जुना_ट्रान्झिस्टर

शाब्बास. एक निकाली निघाला. आता जुन्या दोषाकडे.

मल्टिमीटर आहे का? ओहमवर सर्वांत खालच्या रेंजला ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो लिहून ठेवा, तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. मग रिसीव्हरपासून सोडवलेल्या प्रत्येक स्पीकर वायरीवर मोजा आणि तो आकडा वजा करा. स्पीकरच्या मागे काही स्टिकर असेल तर तोही वाचा.

गच्चीवरचा_रेडिओ

मीटरचा स्वतःचा ०.३. तो वजा करून समोरचे दोन्ही २.७, मधला २.८, मागचे २.९ आणि ३.०.

स्टिकरवर ‘३ ओहम’ लिहिलंय. इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

जुना_ट्रान्झिस्टर

बस. हेच.

ओहम म्हणजे करंटला होणारा रोध, जितके कमी तितका करंट जास्त. मीटर दाखवतो तो डीसी रोध असतो, तो छापील ओहमपेक्षा थोडा कमीच येतो. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सातच्या मध्ये दिसतो. तुमचे सगळे खरोखरचे ३ ओहमचे आहेत. मागच्यांचा आकडा किंचित जास्त आहे कारण त्यांची वायर लांब आहे.

आता हिशेब बघा. समजा एका क्षणी रिसीव्हरने २० व्होल्ट बाहेर काढले. समोर ८ ओहम असेल तर करंट अडीच अँपिअर, म्हणजे ५० वॉट. समोर ३ ओहम असेल तर त्याच २० व्होल्टला करंट ६.७ अँपिअर, म्हणजे १३३ वॉट. आवाजाची कळ तुम्ही तेवढीच फिरवली, पण करंट अडीच पटीहून जास्त झाला. असे पाच चॅनल, सगळे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आणि एकाच हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर). बातम्यांना जेमतेम एखादा वॉट लागतो, म्हणून तेव्हा काही होत नाही. सिनेमात गडगडाट सुरू झाला की उष्णता साठत जाते आणि पंचविसाव्या मिनिटाला रिले सुटतो.

डब्यातल्या होम थिएटरमध्ये अँप्लिफायर आणि स्पीकर एकमेकांसाठीच बनवलेले असतात. तिथला पॉवर सप्लाय कमी व्होल्टेजचा असतो, म्हणून ३ ओहम ठेवून त्यातून वॉट काढतात. त्या जोडीत चूक काहीच नाही. ते स्पीकर दुसऱ्याच्या घरी नांदत नाहीत, एवढंच.

मेघना_ना

मागे किंवा मेनूमध्ये इंपीडन्सचा, म्हणजे स्पीकरच्या ओहमचा, पर्याय असेल ना? तो सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवला तर?

जुना_ट्रान्झिस्टर

मेघनाताई, तो पर्याय बहुतेक रिसीव्हरमध्ये आतलं व्होल्टेज उतरवतो. उष्णता कमी होते, ताकदही कमी होते. स्पीकर छापील मर्यादेत असतील तर माझ्या मते तो ८ वरच बरा. आणि यांच्या रिसीव्हरची मर्यादा ६ आहे, स्पीकर तिच्या निम्म्यावर. पर्याय बदलून ३ चे ६ होणार नाहीत.

अक्षर_७७

प्रत्येक स्पीकरला ३ ते ५ ओहमचा जाड वॉटेजचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावला तर? माझ्या मित्राने केलंय, चालतंय.

जुना_ट्रान्झिस्टर

चालेल, जळणार नाही. पण निम्म्याहून जास्त ताकद रेझिस्टर तापवण्यात जाईल आणि तो हाताला भाजेल असा मागे लटकत राहील. शिवाय स्पीकरचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो, तो वरखाली होतो. मध्ये रेझिस्टर आला की कुठला सूर वर येईल आणि कुठला दबेल, ते बदलतं. यांना बाबांसाठी बोलणं स्पष्ट हवंय. मी हा रस्ता सांगणार नाही.

सबवूफरचंही सांगून टाकतो. तुमची ती पेटी पॅसिव्ह आहे, आत नुसता स्पीकर. रिसीव्हरच्या ‘सब प्री-आउट’मधून फक्त बारीक सिग्नल येतो, त्यावर शंकू हलत नाही. तिथे भिंतीत प्लग जाणारा, स्वतःचा अँप्लिफायर असलेला सबवूफरच लागतो.

फोंडेकार_नाद

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्याकडे रिसीव्हर चालू केला की सगळ्या स्पीकरांतून सतत ‘हंऽऽ’ येतो, आवाज कमी केला तरी तेवढाच. मीही वायरी बदलून पाहिल्या, फरक नाही.

देवरुखकर

केबल टीव्हीची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा.

फोंडेकार_नाद

काढल्याबरोबर गप्प झाला! एक महिना मी यात घालवला.

जुना_ट्रान्झिस्टर

ग्राउंड लूप. केबलवाल्याची जमीन एक आणि तुमच्या घराची दुसरी, दोहोंमधल्या फरकाचा ५० हर्ट्झचा गुरगुराट ऐकू येतो. त्या केबलसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा आणि घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. काही लोक प्लगची अर्थची पिन काढून टाकायला सांगतात. कृपा करून तसं करू नका, जिवावर बेतू शकतं.

गच्चीवरचा_रेडिओ

म्हणजे स्पीकर बदलायचेच. बाबांनाही सांगितलं, ते म्हणाले घाई नको, नीट बघून घे. रिसीव्हरवर ‘८० वॉट, दोन चॅनल चालू, ८ ओहम’ आहे. दुकानात विचारलं तर म्हणाले १०० वॉटच्या खालचे घेऊ नका, जळतील. खरंय का?

एडिसनचा_पाहुणा

नाही. स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती सोसेल, आवाज किती करेल ते नव्हे. आवाजासाठी सेन्सिटिव्हिटी बघा, डेसिबलमध्ये असते.

तुमच्या हॉलमध्ये सोफा स्पीकरपासून साधारण तीन मीटर असेल. ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८६ देतो. तीन मीटरवर मोकळ्या जागेत ९-१० कमी होतात, म्हणजे उरले ७७. खोलीत भिंती थोडं परत देतात, पण हिशेबाला ७७ धरा. सिनेमातला मोठा क्षण सोफ्यावर ९५ ने हवा असेल तर १८ डेसिबल वर जायचंय. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट: २, ४, ८, १६, ३२, ६४. तुमच्या ८० मध्ये बसतं, पण काठावर. तोच स्पीकर ८९ डेसिबलचा घेतलात तर ३२ वॉटमध्ये काम होतं आणि रिसीव्हर निवांत राहतो. म्हणून माझा क्रम असा: आधी ओहम, मग सेन्सिटिव्हिटी, वॉट सर्वांत शेवटी.

स्पीकर बहुतेक वेळा जळतो तो अँप्लिफायर त्याच्या दमापलीकडे ओढल्यावर, लाट वरून कापली जाते तेव्हा. आवाज फाटायला लागला की कळ मागे आणायची.

मेघना_ना

आणि मधला आणि समोरचे दोन एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. नाहीतर माणूस डावीकडून मध्ये चालत आला की त्याचा आवाजच बदलतो. मागचे दोन वेगळे असले तरी चालतात, फक्त ओहम बघा.

माझ्या आईलाही कमी ऐकू येतं, म्हणून मधल्या स्पीकरबद्दल अनुभवाने सांगते. तो कप्प्यात आत ढकलून ठेवू नका. कप्प्याच्या बाजूंवर आवाज आपटतो आणि बोलणं गुदमरल्यासारखं येतं. अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. कानांपेक्षा खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचे तुकडे देऊन तोंड थोडं वर करा. मेनूत मधल्याची पातळी २-३ डेसिबलने वाढवा. रात्री ‘नाइट मोड’ लावला की गडगडाट दबतो आणि बोलणं वर येतं. आमच्याकडे या चार गोष्टींनीच काम झालं, आईने सबटायटल बंद करायला सांगितलं त्या दिवशी मला रडू आलं होतं.

जुना_ट्रान्झिस्टर

मेघनाताईंशी शंभर टक्के सहमत. दोन गोष्टी जोडतो.

मेनूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झ ठेवा. खालचा जड आवाज सबवूफर स्वतःच्या ताकदीवर वाजवेल आणि रिसीव्हरवरचा सगळ्यात मोठा भार उतरेल. स्पीकर दिसायला मोठे असले तरी ‘स्मॉल’च.

मागच्या स्पीकरांना इलेक्ट्रिकच्या दुकानातली शुद्ध तांब्याची दीड चौरस मिलिमीटर वायर घ्या. दहा मीटर लांबीला जाऊन-येऊन पाव ओहमच्या आत रोध येतो. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती नको. टोक खरवडून आतून पांढरं दिसलं तर परत करा.

गच्चीवरचा_रेडिओ

तीन आठवड्यांनी लिहितोय. ६ ते ८ ओहमच्या शोधात दोन शनिवार मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. समोरचे दोन आणि मधला एकाच मालिकेतले ८ ओहम, ८९ डेसिबलचे घेतले. मागचे दोन सेकंडहँड, तेही ८ ओहम. अॅक्टिव्ह सबवूफर ८ इंची. घरी आणल्यावर आधी मीटर लावला: ६.१, ६.१, ५.९, ६.३, ६.४.

रिसीव्हर वरच्या उघड्या फळीवर आणला, वर काही ठेवलं नाही. पण दोन अडचणी आल्या. एक, मागच्या स्पीकरांतून काहीच येत नव्हतं. दुसरी, गाणं लावलं की गायक समोर मधोमध न येता कुठेतरी पसरल्यासारखा, पोकळ.

अक्षर_७७

पहिल्यासाठी टीव्हीची सेटिंग बघा. एआरसीवरून, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे परत नेणाऱ्या सोयीवरून, जोडलंय ना? डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर एआरसीमधून दोनच चॅनल जातात. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास थ्रू’ करा.

जुना_ट्रान्झिस्टर

दुसरी अडचण म्हणजे समोरच्या दोनांपैकी एकाची लाल-काळी उलटी झाली आहे. रिसीव्हरपासून वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, धन टोक लालच्या वायरीला. जाळी काढून शंकूकडे बघा. तो बाहेर आला पाहिजे. आत गेला तर उलटं जोडलंय. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवा.

गच्चीवरचा_रेडिओ

दोन्ही बरोबर निघालं. टीव्ही पीसीएमवर होता. आणि सेल टेकवला तेव्हा उजव्याचा शंकू बाहेर आला, डाव्याचा आत गेला. वायर बदलली आणि भीमसेनांचा अभंग लावला. आवाज दोन पेट्यांच्या मधोमध, टीव्हीच्या काचेतून यावा तसा. बाबा आतल्या खोलीतून उठून आले आणि सोफ्यावर बसले.

काल पूर्ण सिनेमा पाहिला, दोन तास चाळीस मिनिटं. खट् नाही. झाकणावर हात ठेवला तर चहाच्या कपाइतकं कोमट. मधला स्पीकर फळीच्या कडेला, खाली दोन रबर, पातळी ३ डेसिबल वर. बाबांनी मध्ये एकदाही ‘काय म्हणाला?’ असं विचारलं नाही.

काका, मेघनाताई, एडिसनचे दादा, सगळ्यांचे मनापासून आभार.

देवरुखकर

वाचून फार बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा. त्या जुन्या ३ ओहमच्या पेट्यांचं काय केलंत?

गच्चीवरचा_रेडिओ

त्यांच्याच डब्याला परत लावल्या. डिस्क फिरत नसली तरी अँप्लिफायर ठणठणीत आहे आणि मागे ऑक्सची, म्हणजे बाहेरचा आवाज जोडायची, जागा आहे. कापलेल्या प्लगांच्या जागी तारा जोडून वर टेप मारली, पुन्हा एखादा केस बाहेर राहू नये म्हणून प्रत्येक जोड टॉर्चने तपासला. आता तो संच भाचीच्या नृत्याच्या सरावाला खालच्या हॉलमध्ये आहे. मुका सबवूफर पहिल्या तबल्यालाच घुमला.